मालनताईंच्या रक्तानं नेलेला आवाज

अंडाशयाचा कर्करोग झालेल्या बाईच्या रक्ताची नळी उघडली, की मिरजेतला एक आवाज बंद पडायचा. बूच परत लावलं की बहुतेक वेळा तो परत यायचा. कधी कधी यायचा नाही.

राजमती मगदूमला हे पहिल्यांदा कळलं ते रेल्वेमुळं. एका रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर छोटी प्रयोगशाळा होती, तिथं ती मायक्रो-आरएनएवर संशोधन करायची. त्या दिवशी जंक्शनवरून निघालेल्या इंजिनानं लांबलचक भोंगा दिला होता. नेमकं तेव्हाच राजमतीनं नळीचं बूच अंगठ्यानं वर ढकललं आणि भोंगा मध्येच तुटला. हातमोजा नीट करायला तिनं बूच लावलं, तर उरलेला भोंगा वाजला. तिनं पुन्हा उघडलं. खिडकीतून मालगाडी जाताना दिसत होती, पण चाकं रुळांवर जशी काही कापसावरून चालली होती.

ती सदलगे सरांकडं गेली. विभाग त्यांचा होता. सर डब्यातला दहीभात खात होते.

"सर, एक नळी आहे. ती उघडली की रेल्वे वाजत नाही."

"आणि बंद केली की?"

"वाजते."

"पुन्हा करून बघितलंस?"

"बघितलं."

"निरोगी बायकांच्या नळ्यांनी होतं का असं?"

"नाही. त्यांनी काहीच होत नाही."

"मग मोजायला लाग," सर म्हणाले आणि त्यांनी लोणच्याची फोड भाताखाली सारली.

राजमतीला यात फार चमत्कारिक असं काही वाटलं नाही. मायक्रो-आरएनएचा स्वभावच तो. पेशीच्या गाभ्यातून निरोप निघतो, अमुक बनवा, तमुक बनवा. हे तुकडे इतके लहान, की त्यांच्या हातून स्वतःचं असं काही बनत नाही. ते फक्त एखाद्या निरोपाला जाऊन चिकटतात आणि त्याच्या तोंडावर हात ठेवतात. निरोप गप्प होतो. आजारी पेशी असे तुकडे बुडबुड्यांत भरून रक्तात सोडून देतात. इतकी वर्षं ते पेशीतल्या पेशीत गप्प करत होते, आता नळीबाहेरचंही करू लागले होते. का, हे तिला ठाऊक नव्हतं. पण सकाळी कामावर यायला ती आताशा रिक्षावाल्याला घाई करायची.

मग बेडगच्या एका बाईंची नळी उघडली आणि कुकरच्या शिट्ट्या गेल्या. बूच लावलं, तरी त्या आल्या नाहीत. खालच्या कँटीनमधला कुकर नुसताच थरथरला, वाफ सोडून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी गावभर वरण करपल्याचा वास होता. आठवड्याभरात मिरजेच्या बायका कुकरकडं बघत बसायला शिकल्या; शिट्टी उचलली गेली की मोजायला एक बोट दुमडायच्या. कुणी तक्रार केली नाही.

बेडगच्या त्या बाई पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांच्या पोटात पुन्हा पाणी झालं होतं.

लिफ्टची घंटा मात्र परत आली होती. ज्यांच्या नळीनं ती गेली, त्या बाई ठणठणीत होत्या. दर खेपेला येताना घरचे शेंगदाण्याचे लाडू आणायच्या. राजमती एकेक नळी आणि एकेक बाई जोडून बघत गेली, तसं चित्र उमटत गेलं. आवाज परत आला, तर आजार पुष्कळ काळ निजून राहायचा. नाही आला, तर लवकर उठायचा.

"आजार आहे की नाही, ते सांगणाऱ्या तपासण्या आहेत," सर म्हणाले. "आणि हा आजार तर असा, की पोटात फुगारा धरल्याखेरीज बाईला पत्ताच लागत नाही. पण पुढं तो कसा वागणार, ते आधी सांगणारं हाताशी काही नाही. हे ते असू शकतं."

"असू शकतं," राजमती म्हणाली.

"शकतं," सर पुन्हा म्हणाले. त्या शब्दावर ते नेहमी जोर द्यायचे.

एक गोष्ट मात्र तिनं सरांना सांगितली नव्हती. रेल्वे लांब होती. कँटीन खालच्या मजल्यावर. लिफ्ट दाराबाहेर. त्यानंतरच्या नळीनं रक्त गरगर फिरवणाऱ्या सेंट्रीफ्यूज यंत्राचा आवाज नेला, ते तिच्या कोपरापाशी होतं. झाकणावर तळवा ठेवला तरच ते फिरतंय हे समजायचं. आणि शेवटच्या नळीनं तिची शिंक नेली. तिला शिंक यायची, डोळे मिटायचे, मान झटक्यानं पुढं जायची, पण आवाज काहीच नाही. सर शिंकले तर ऐकू यायचं. फक्त तिची शिंक गेली होती आणि बूच लावूनही परत आली नव्हती. प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा जवळचा होता. याची भीती वाटायला हवी, हे तिला कळत होतं. पण रोज सकाळी मनात पहिला विचार यायचा तो, शिंकेपेक्षा जवळ काय असेल?

मालन वायदंडे आल्या त्या अशाच एका सकाळी, थेट प्रयोगशाळेच्या दारात. साठी ओलांडलेल्या, उंच, अंगावर इरकल, डोक्यावर केमोनंतर नुकतीच उगवलेली मऊ करडी लव. डोळ्यांच्या बाहुल्यांवर मोतीबिंदूचा ढगाळ पडदा होता. त्यांनी दाराची चौकट चाचपली.

"रक्तातला आवाज काढत्यात ते हितंच का?"

"आवाज जातो," राजमती म्हणाली. "आम्ही काढत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ओपीडीत बायका बोलत्यात की. बसून बसून दुसरं करायचं काय?" त्या आत येऊन स्टुलावर बसल्या. "मी मालन. स्टँडवर कंट्रोलर होते, एसटीत. माझं ऑपरेशन झालं, केमो झाली. आता डॉक्टर म्हणत्यात, सगळं साफ हाय, फक्त येत जावा. तुम्ही डॉक्टर?"

"तसली डॉक्टर नाही मी. मी राजमती. राजमती मगदूम. मी तपासत नाही, शोधते."

"मग माझं शोधा की."

राजमतीनं हातमोजे काढले. हे तिनं सरांकडून पुष्कळदा ऐकलेलं होतं, आता पहिल्यांदाच स्वतः म्हणायचं होतं. "ताई, हे अजून संशोधनात आहे. यावरून कुणाचे उपचार बदलत नाहीत. आणि जे कळेल ते चुकीचंही असू शकतं. म्हणून आम्ही कुठल्याच बाईला सांगत नाही."

"उपचार राहू देत. मला डोळ्याचं विचारायचंय."

"डोळ्याचं?"

"मोतीबिंदू काढायचाय. डोळ्याचे डॉक्टर म्हणत्यात, आता पिकलाय, काढून टाकू. मी म्हटलं, थांबा. बघायला पुढं किती उरलंय ते कळू दे, मग ठरवू. थोडंच असलं तर कशाला टोचून घ्यायचं? हाय तेवढं मला धुक्यातबी चालतं." त्या हसल्या. "आणि खरं सांगू का बाई, मला नुसतं बघायचंबी हाय. आपलं रक्त काय नेतं ते. तुम्हाला नाही वाटत बघावंसं?"

राजमती सरांकडं गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. त्या बाईंच्या तोंडूनच पुन्हा ऐकलं, सही घेतली आणि म्हणाले, "ताजं रक्त काढा. समोरच करा. त्यांचं आहे, त्यांच्यासमोर व्हावं."

रक्त काढलं. सेंट्रीफ्यूज मुक्यानंच फिरलं आणि वर पिवळसर, नितळ सीरम आलं. राजमतीनं ते छोट्या नळीत घेतलं, बूच लावलं, नळी बर्फात खोचली. मालनताई वाकून बघत होत्या.

"उसाच्या रसासारखं दिसतंय."

"यातच आहेत ते."

"किती असतील?"

"मोजायला यंत्र लागतं."

"आणि हे सगळ्यांना गप्प करत्यात?"

"सगळ्यांना नाही. प्रत्येकाचा निरोप ठरलेला असतो."

"कंट्रोलरसारखं," मालनताई म्हणाल्या. "मी पण गाड्या थांबवायचे. सगळ्या नाही."

राजमतीनं अंगठा बुचाखाली घातला. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मालनताईंना तिनं बोलत राहायला सांगितलं होतं, त्यांचाच आवाज गेला तर लगेच कळावं म्हणून. मालनताईंनी पाठ ताठ केली. त्यांची भाषा एकदम बदलली, प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ आलं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. मिरजेहून जतला जाणारी साधी बस फलाटावर लागलेली आहे. प्रवाशांनी सामान सांभाळून..."

बूच उघडलं.

"...गाडीत चढावे," मालनताई म्हणाल्या आणि थांबल्या. "माझा हाय की."

पंखा वाजत होता. फ्रीझर घुमत होता. खिडकीबाहेर कावळा ओरडला, स्कूटरची किक ऐकू आली. सरांनी खाकरून बघितलं. राजमतीनं टाळी वाजवली, बोटं मोडली, उचकीसारखा आवाज काढून बघितला. सगळं होतं. सरांनी स्टेथोस्कोप मागवला. तिनं तो स्वतःच्या छातीला लावला. हृदय नीट ठोके देत होतं आणि ते ऐकू येत होतं. तिला जरा निराशच वाटलं, मग त्या वाटण्याची लाज वाटली.

"काहीच गेलं नाही का?" मालनताईंनी विचारलं.

"काहीतरी गेलंच आहे," राजमती म्हणाली. "जातंच. आपल्याला सापडत नाहीये."

"बूच लावा," सर म्हणाले. "उघडं राहिलं तर खराब होईल."

"पण सर, काय गेलं तेच माहीत नसताना बूच लावलं, तर ते परत आलं की नाही, कसं कळणार?"

सरांनी यावर विचार केला. "खरं आहे," ते म्हणाले.

"मग शोधूया की," मालनताई उठल्या. "माझ्या रक्तानं नेलंय, तर माझ्याच जागचं काहीतरी असंल. स्टँडवर जाऊ."

"नमुना रुग्णालयाबाहेर न्यायचा नसतो," सर म्हणाले. मग त्यांनी थर्माकोलचा डबा काढून त्यात बर्फ भरला. "सांडू नका."

दोघी रिक्षानं गेल्या. डबा राजमतीच्या मांडीवर होता, त्यात उघडी नळी. रिक्षाच्या प्रत्येक धक्क्याला ती डबा वर उचलून धरायची. वाटेत मालनताई एकेक आवाज तपासत होत्या. हॉर्न आहे. शाळेची प्रार्थना आहे. लोहाराचा हातोडा आहे. कुठल्यातरी दुकानाचं शटर खडखडत वर गेलं, तशा त्या "हाय" म्हणाल्या आणि त्यांनी राजमतीचा गुडघा थोपटला.

स्टँडवर उन्हं तापली होती. मालनताईंना तिथं सगळे ओळखत होते; कंडक्टर हात वर करत होते, त्यांना ते दिसत नव्हतं, पण आवाजावरून त्या प्रत्येकाला नावानं उत्तर देत होत्या. दोघींनी सगळीकडं कान लावला. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. बसचं दार धाडकन लागत होतं. तिकीट फाटल्याचा आवाज होता. भजी तेलात पडल्याचा होता. लहान मूल रडत होतं, त्याची आई "गप, गप" म्हणत होती, तेही होतं. राजमतीनं एका म्हाताऱ्याला काठी आपटायला सांगितली. त्यानं आपटली. ती वाजली.

"तुमचं काय हरवलंय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तेच बघतोय."

"सापडलं की सांगा," तो म्हणाला आणि गाडीकडं गेला.

ऐकता ऐकता राजमती पुढं गेली. इतकं लक्ष देऊन तिनं आजवर काही ऐकलं नव्हतं. पायाखालच्या खडीचा एक आवाज होता आणि ओल्या खडीचा वेगळा. केळ्याची साल सोलताना आवाज व्हायचा. माणसं पाणी पितात ते ऐकू यायचं, आणि पाणी पिऊन झाल्यावर सोडतात तो श्वासही. काहीच कमी नव्हतं. कमी नसलेल्या आवाजांची गर्दी तिच्याभोवती दाटत चालली, जागा राहीना, आणि मधोमध ती डबा छातीशी धरून उभी होती. एवढं सगळं आहे, तर जे नाही ते फार लहान असणार. आणि फार जवळ.

तिनं मागं वळून बघितलं, तर मालनताई दिसल्या नाहीत.

मालनताईंनाही ती दिसत नव्हती. त्यांना आता फक्त रंगांचे पुसट डाग दिसत होते आणि त्यांतली राजमती कोणती, हे ठरवता येत नव्हतं. तेव्हा त्यांनी आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. चौकशीच्या खोलीचं दार त्यांना डोळे मिटून सापडायचं. आतल्या कंट्रोलरनं उठून खुर्ची दिली. त्यांनी माईक हातात घेतला.

स्टँडवरचे सगळे कर्णे खरखरले.

"लक्ष द्यावे," मालनताईंचा तो दुसरा, स्वच्छ आवाज आला. भज्यांच्या गाड्यावरच्या माणसानं सवयीनं मान वर केली. "रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून आलेल्या..."

कर्णे गप्प झाले. खरखर होती, माईकजवळचा श्वास होता. मध्ये फक्त एक भोक होतं, दोन शब्द बसतील एवढं.

"...यांनी जिथं असतील तिथून चौकशीच्या खिडकीशी यावे. पुन्हा एकदा सांगते. प्रयोगशाळेतून आलेल्या..."

भोक.

"...यांची चौकशीच्या खिडकीशी वाट बघितली जात आहे."

राजमती जागच्या जागी उभी राहिली. आधी तिला वाटलं, माईक खराब असेल. मग तिनं स्वतःच ते म्हणून बघितलं, हळूच, जसं कुणी खिशात हात घालून बघतं. जीभ टाळ्याला लागली, सुटली, ओठ मिटले, उघडले. काहीच आलं नाही. तिनं 'राज' म्हणून बघितलं. ते आलं. 'मती' म्हणून बघितलं. तेही आलं. दोन्ही जोडले की तोंडात नुसती हवा.

तिला मोठा शोध लागल्यासारखा आनंद झाला. पण क्षणात तो आनंद गार पडला. आई सांगलीच्या घरून तिला रोज फोन करायची आणि 'हॅलो' म्हणायच्या आधी हे म्हणायची. शाळेत हजेरी घेताना बाई हे म्हणायच्या तेव्हा ती बाकाखाली डोकं घालायची, इतकं तिला ते जुनाट वाटायचं. आता ते नव्हतं आणि अंग विचित्र हलकं झालं होतं. कुणी मागून हाक मारली तर ती वळणार नव्हती. गर्दीतला एक माणूस तिच्या अंगावरून जवळजवळ आरपारच गेल्यासारखा गेला. त्याला तिथं कुणी असेल असं वाटलंच नसावं.

तिनं डबा घट्ट धरला आणि खिडकीकडं चालू लागली. लोक बाजूला होत नव्हते. तीच त्यांच्यामधून वाट काढत गेली.

"ताई," ती खिडकीच्या गजांशी म्हणाली.

मालनताईंनी ढगाळ डोळे तिच्याकडं लावले. "कोण?"

"मी." आणि तिनं पुढचं म्हटलं. ओठ हलले.

मालनताईंनी मान तिरकी केली. त्यांनी माईक बाजूला धरून स्वतः म्हणून बघितलं. मग पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उलगडत गेलं.

"तुमचं गेलं," त्या म्हणाल्या. "माझ्या रक्तानं तुमचं नेलं, बाई."

"सापडलं म्हणजे."

"परत नाही आलं तर?"

"तर तुम्हाला कळेल." राजमतीनं डबा सावरला. "आणि मलाही."

"बूच न लावता असंच राहू दिलं तर?"

राजमतीनं हा विचार केला होता. खिडकीपर्यंत येताना तिनं दुसरा कुठलाच विचार केला नव्हता. नळी उघडी राहिली, तर मालनताईंचं पुढचं काहीच ठरणार नव्हतं, चांगलं नाही आणि वाईटही नाही. "तर काहीच कळणार नाही," ती म्हणाली. "बर्फ वितळेपर्यंत राहील तसं."

मालनताईंनी पदरानं कपाळ पुसलं. मागं पुण्याची गाडी लागली होती, तिची घोषणा करायची राहून गेली होती, आणि तो कंट्रोलर चुळबुळत होता. त्यांनी त्याला हातानंच थांबवलं.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला बघायचंय," राजमती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा लहान आला.

"मला पण," मालनताई म्हणाल्या. "लाव, पोरी."

राजमतीनं डबा कट्ट्यावर ठेवला. नळी बर्फातून काढली. ती निसरडी झाली होती आणि बोटं बधिर. तिनं बूच नळीच्या तोंडावर ठेवलं, अंगठ्यानं दाबलं. टक्कन बसलं.

स्टँड जसाच्या तसा होता. घुंगरू वाजत होते. पुण्याच्या गाडीच्या चालकानं इंजिन बंद केलं होतं. बऱ्याच लोकांनी माना वर करून कर्ण्यांकडं बघितलं होतं, सामान हातात तसंच धरून, कारण मघाशी मध्ये काहीतरी ऐकू आलं नव्हतं आणि ते काय होतं, हे त्यांनाही हवं होतं.

मालनताईंनी माईकवर टिचकी मारली. घसा साफ केला. गजांतून हात बाहेर काढून त्यांनी चाचपडत राजमतीचं मनगट पकडलं आणि तोंड उघडलं.